गोथेनबर्गला येण्यापूर्वी: जन्मतः न रडलेले बाळ आणि मायटोकॉन्ड्रिया

एनआयसीयूतील (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातील) नोकरी सोडून, प्राणवायूअभावी नवजात मेंदूला होणाऱ्या इजेतील मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांवर, पीएचडी करण्यासाठी स्वीडनला यावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र कोणत्या प्रश्नासाठी येणार, हे निघण्यापूर्वी तिथेच ठरवा.

1980 च्या दशकात लंडनमध्ये फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपीने (मेंदूतील ऊर्जा-संयुगे बाहेरून मोजण्याच्या तंत्राने) दिसले की, गुदमरलेल्या बाळाच्या मेंदूतील ऊर्जा आधी सावरते आणि काही तासांनी पुन्हा ढासळते. मधल्या अवधीसाठीच जन्मानंतर सहा तासांच्या आत कूलिंग (बाळाचे शरीर थंड ठेवण्याचा उपचार) सुरू करून 72 तास चालू ठेवतात. दुसऱ्या ढासळण्याच्या मुळाशी मायटोकॉन्ड्रिया आहेत. इथल्या गोथेनबर्गमधील संशोधक गटाने 2009 मध्ये उंदरांवर दाखवले की, प्रौढ मेंदूत घातक ठरणारे सायक्लोफिलिन डी हे मायटोकॉन्ड्रियातील प्रथिन नवजात मेंदूत तसे ठरत नाही. तिथे मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणाला छिद्रे पाडणारे बॅक्स हे प्रथिन महत्त्वाचे असते. म्हणून मोठ्यांच्या पक्षाघातावरचे औषध बाळाला जसेच्या तसे लागू पडेल, असे गृहीत धरू नका. आता लक्ष मायटोकॉन्ड्रियांच्या विभाजनाकडे, खराब झालेल्यांच्या सफाईकडे आणि साचलेल्या सक्सिनेट या चयापचयातील पदार्थामुळे प्राणवायू परतताच उसळणाऱ्या घातक रेणूंकडे वळले आहे. एका पेशीने दुसरीला मायटोकॉन्ड्रिया देण्याची कल्पना मोहक आहे, पण केवळ तिच्या भरवशावर चार वर्षांचा प्रबंध बेतू नये, असे मला वाटते.

रोजचे काम संयमाचे आहे. उंदराच्या सात दिवसांच्या पिल्लाची मानेतील एक रोहिणी बांधून त्याला आठ टक्के प्राणवायूच्या पेटीत ठेवतात. पुढे मेंदूचा लगदा बर्फावरून न हलवता मायटोकॉन्ड्रिया वेगळे करावे लागतात, कारण थोडा उशीर झाला तरी त्यांचे श्वसन मंदावते आणि दिवसभराची मोजमापे वाया जातात. प्राण्यांवरील कामाचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. पीएचडी ही इथे पगारी नोकरी असते. डिसेंबरात साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याची मनाने तयारी ठेवा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हेलिक्स चाचणी. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील 408 बाळांच्या या चाचणीत, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कूलिंगने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झाले नाही, उलट मृत्यू वाढले. आपल्याकडच्या बाळांच्या मेंदूला इजा प्रसूतीच्या आधीपासूनच होत असावी, अशी शंका घ्यायला जागा आहे. तसे असेल, तर सहा तासांचे घड्याळ जन्मापूर्वीच सुरू झालेले असते. पिल्लांच्या पेटीत इजेची वेळ मिनिटागणिक ठाऊक असते, तुमच्या वॉर्डात ती कधीच नसते. ही वेळ मायटोकॉन्ड्रियाच्या अवस्थेवरून ओळखता येईल का, हा प्रश्न घेऊन अर्ज करा.