जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसला मराठवाड्याच्या उन्हात कोणतं इंजिन ऑइल टाकावं?

तुमचा प्रश्न असा, की नांदेडला सेकंडहँड घेतलेल्या २००५च्या आरएसमध्ये मेकॅनिक २०डब्ल्यू-५० टाका म्हणतो. गाडी जुनी, त्यात आपल्याकडचं ऊन, म्हणून जाड ऑइल.

टाकू नका. ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक घ्या आणि डब्यावर 'व्हीडब्ल्यू ५०२ ००' (फोक्सवॅगनचं ऑइलचं मानक) छापलेलं नसेल तर तो डबा दुकानातच राहू द्या. पण ऑइलच्या आधी चेंबर, म्हणजे इंजिनाच्या बुडाचं ऑइल साठवणारं भांडं, खोलून घ्या.

माझी आरएस मी २०१४ला घेतली. ही गाडी आपल्या शेंद्र्यात जुळवलेली, त्यामुळं तिचं कौतुक आम्हा संभाजीनगरकरांना जरा जास्तच. आधीच्या मालकानं कोणतं ऑइल वापरलं, कधी बदललं, काहीच कळायला मार्ग नव्हता. बीडहून येताना पाचोडच्या पुढं ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. तिथंच गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि टोचन करून घरी आणली. गेजवर ऑइल बरोबर दोन खुणांच्या मध्ये होतं. चेंबर उतरवल्यावर कारण दिसलं. पंपाच्या तोंडाशी जाळी असते, तिच्यावर दुधाच्या पातेल्याच्या बुडाला धरते तशी काळी खरवड बसली होती. स्क्रूड्रायव्हरनं टोकरली तर पापुद्रे निघाले. खाली भरपूर ऑइल, पण वर चढायला वाटच नाही.

ही खरवड टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, उष्णतेनं धरते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. गाडी पळवून आणून लगेच चावी बंद केली, की तिथं अडकलेलं ऑइल जळतं. साधं किंवा फार दिवस वापरलेलं ऑइल तर लवकरच. म्हणून थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवा.

आता उन्हाचं. नांदेड-परभणीला मे महिन्यात पारा ४३च्या पुढं जातो, खरं आहे. पण थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ठीक असतील, तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) नव्वदीच्या आसपासच राहतं, मग बाहेर ३० असो की ४३. ऑइलच्या नावातला ४० हा आकडा १०० अंशांवरचा जाडपणा सांगतो, म्हणजे इंजिनातल्या गरमीचा हिशेब त्यात आधीच धरलेला आहे. बुलेट, अॅम्बेसेडरला २०डब्ल्यू-५० चालायचं, ती इंजिनं वेगळी. तुमच्या इंजिनात २० व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबावर चालणारे, व्हॉल्व्ह दाबणारे भाग) आणि टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी आहे. डिसेंबरात पहाटे परभणीला दहाच्या खाली थंडी उतरते, तेव्हा जाड ऑइल तिथं उशिरा पोचतं आणि टॅपेट टकटक वाजतात. गाडी तेवढा वेळ कोरडीच फिरते.

कुणी फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुणारं औषध, टाकू म्हणालं तर नको म्हणा. सुटलेले गोळे थेट जाळीवर जाऊन बसतात. चेंबर आणि जाळी हातानं धुवून घ्या, नवं ऑइल-फिल्टर टाका, हजार-दीड हजार किलोमीटरवर ते काढून परत नवं टाका. त्यानंतर मी दर साडेसात हजारांना किंवा वर्षाला बदलतो. सिंथेटिकनं गळती लागते म्हणतात, पण ती मेलेल्या सीलमधून लागते. सील बदला.

बदलताना इंजिन कोमट असावं, गाडी सपाट जागेवर. ड्रेन नटाला १९चा पाना लागतो. चेंबर अॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर मोठा खर्च, त्यामुळं टॉर्क पान्यानं ३० न्यूटन-मीटरच आवळा, लांब दांडा लावून जोर करू नका. नवा नट वायसरसकट घ्या. फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट फिरवा आणि तो हातानंच बसवा. साधारण साडेचार लिटर लागतं. आधी चार ओता, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटांनी गेज बघा आणि मग थोडं थोडं वाढवा. वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका.

डबा स्वतः विकत आणा, सील तुमच्यासमोर फुटू द्या. रिकामा झाला की त्याला पेचकसानं भोक पाडूनच टाका, नाहीतर तोच डबा भेसळीचं ऑइल भरून परत दुकानात दिसेल. निघालेलं काळं ऑइल नाल्यात ओतू नका, कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाला द्या.

जाळी निघाली की फोटो टाका, किती भरलीय त्यावरून टर्बोची नळीही उतरवायची का ते सांगतो.