दुकानाने ‘फक्त महिलांसाठी’ कार्यक्रम ठेवला, तर तो बेकायदेशीर ठरतो का?

तुमचा प्रश्न असा: साड्यांचं दुकान आहे, संक्रांतीनंतर हॉल घेऊन दुकानातर्फे फक्त महिलांसाठी हळदीकुंकू, खेळ आणि पैठणीची सोडत ठेवायची आहे. त्यावर एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला की हे घटनेच्या कलम १५ च्या विरुद्ध आहे, केस टाकतो. तो खरंच केस टाकू शकतो का?

मी जिल्हा कोर्टात वकिली करतो. बहुतेक कामं दिवाणी, थोडी ग्राहक आयोगाची. कार्यक्रम बिनधास्त घ्या, पण सोडत रद्द करा. असं का म्हणतो ते पुढे येईलच. आधी त्या गिऱ्हाइकाची बाजू, कारण माणूस अगदीच हवेत बोलत नाहीये.

कलम १५ (घटनेच्या मराठी प्रतीत ‘अनुच्छेद’, पण तो शब्द कोर्टाच्या आवारातसुद्धा कुणी वापरत नाही) बहुतेकांना अर्धंच ठाऊक असतं. पहिल्या पोटकलमात सरकारनं भेदभाव करू नये असं आहे. दुसऱ्यात मात्र सरकारचं नावच नाही. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागी जायला आडकाठी होता कामा नये, असं ते सांगतं. दुकान सरकारचं थोडंच असतं? म्हणजे हे तुम्हाआम्हालाच सांगितलेलं आहे. त्याच पोटकलमात पुढे विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट येतात. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्यावर जे घडलं ते माहीत असलेल्या मराठी माणसाला ही यादी कुठून आली ते सांगावं लागत नाही.

२९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत या मसुद्यावर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न निघाला होता. बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की जो कुणी येईल त्याला आपली सेवा द्यायला मालक तयार असतो, ती जागा म्हणजे दुकान. नुसतं उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू देणं पुरेसं नाही, अटी मान्य असतील तर सेवा मिळाली पाहिजे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हाच धागा धरून खासगी शिक्षणसंस्थाही या ‘दुकानात’ बसवल्या. तेव्हा तुमचा हॉलमधला कार्यक्रम त्यात बसतच नाही, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

यावर दुकानदार मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं: ‘पण साहेब, महिलांसाठी सवलत चालते ना घटनेत?’ चालते. तिसऱ्या पोटकलमात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष तरतूद करायची मुभा आहे. पण ती मुभा राज्याला आहे, म्हणजे सरकारला. याच आधारावर १९५३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं जळगाव नगरपालिकेतल्या महिलांच्या राखीव जागा वैध ठरवल्या. ५ मे १९९२ पासून चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल धावते. लेडीज डब्यात शिरलेल्या पुरुषाला दंड करायला तर रेल्वेच्या कायद्यात वेगळं कलमच आहे. एसटीचं अर्धं तिकीट त्याच जातकुळीतलं. तुम्ही म्हणजे रेल्वे नाही आणि एसटीही नाही. ‘लेडीज डबा चालतो तर माझा कार्यक्रम का नाही’ हा युक्तिवाद कट्ट्यावर ठीक आहे, कोर्टात मी तो करणार नाही.

मग गिऱ्हाईक जिंकला का? नाही. हक्क आहे, पण तो बजावून घ्यायचा रस्ता कच्चा आहे. जातीवरून कुणाला दुकानात अडवलंत, तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, अ‍ॅट्रॉसिटीचा आहे, पोलीस येतात, तुरुंगवास होतो. निव्वळ लिंगावरून अडवलं, तर दुकानदाराला शिक्षा करणारा असा कायदा आपल्याकडे नाही. राहिली उच्च न्यायालयातली रिट. ती मुळात सरकारविरुद्धची वाट. खासगी माणसाविरुद्धही काही मूलभूत हक्क मागता येतात असं २०२३ च्या जानेवारीत घटनापीठानं म्हटलं खरं, पण एका दुपारच्या हळदीकुंकवासाठी त्या वाटेनं जायला चिकाटी लागते आणि खिसाही. शिवाय कलमात ‘केवळ’ हा शब्द आहे. ‘केवळ पुरुष आहे म्हणून’ अडवलं, की तो समारंभच बायकांचा आहे म्हणून, यावर दोन वकील दोन दिवस सहज बोलतील.

इथे फरक पडतो तो आमंत्रणाचा. तुम्ही ठरावीक बायकांना नावानिशी पत्रिका पाठवून हॉलमध्ये बोलावलंत, तर तो बराचसा खासगी समारंभ झाला. वर्तमानपत्रात जाहिरात दिलीत, चौकात फलक लावलात, ‘सर्वांचे स्वागत’ म्हटलंत आणि मग दारात पुरुष अडवलेत, तर गोष्ट वेगळी. हॉल नगरपालिकेचा असेल तर आणखी जपून, कारण सरकारी पैशावर चाललेल्या सार्वजनिक जागांचा त्याच कलमात वेगळा उल्लेख आहे.

आता सोडतीचं.

तीनचार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पक्षकार आले. धंदा तुमचाच, गाव सांगत नाही. त्यांची योजना होती: पाच हजारांच्या खरेदीवर एक कूपन, रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी फक्त महिलांसाठी हळदीकुंकू आणि तिथेच पैठणीची सोडत. कूपनामागे बारीक अक्षरांत एक ओळ: ‘सोडतीवेळी कूपनधारक हजर असणे आवश्यक.’ एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाचा बस्ता तिथेच बांधला होता, बासष्ट हजारांचा. त्यांची बारा कूपनं झाली. त्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून, कूपनांना रबर लावून हॉलवर गेले. दारात एक मुलगी गुलाबपाणी शिंपडत होती, दुसरीच्या हातात हलव्याची पुडी. ‘काका, फक्त लेडीज आहे. काकूंना पाठवा ना.’ काकू आदल्या वर्षीच गेल्या होत्या. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला.

ते भांडले नाहीत. घरी जाऊन त्यांनी नोटीस पाठवली, स्वतःच लिहिलेली, दोन पानांची. त्यातलं एक वाक्य अजून माझ्या लक्षात आहे: ‘माझे पैसे चालले, मी चाललो नाही.’

पक्षकार नोटिशीतल्या कलम १५ ला घाबरले होते. मी घाबरलो ते कूपनाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची लांबलचक यादी आहे. विक्री वाढवण्यासाठी लॉटरी किंवा नशिबाचा खेळ ठेवणं हे त्या यादीत सरळ सरळ बसलंय. म्हणजे पुरुषाला आत घेतलं असतं तरी सोडत अडचणीचीच होती. वर या गृहस्थांनी पैसे मोजले होते, कूपन त्यांच्या हातात होतं, आणि ते वापरायची एकुलती एक जागा त्यांना बंद होती. ग्राहक आयोगात हे प्रकरण मांडायला वकीलसुद्धा लागत नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन लावला तरी सुरुवात होते. घटनेचा रस्ता कच्चा असेल, हा डांबरी आहे.

मी तडजोड करायला सांगितलं. मालक स्वतः त्यांच्या घरी गेले, माफी मागितली, साडी देऊ केली. त्यांनी साडी घेतली नाही, चहा घेतला.

म्हणून तुम्हाला सांगतो, समारंभ आणि विक्री यांची गाठ सोडा. हळदीकुंकू बायकांचं ठेवा, पण त्या दिवसाची सवलत, नवा माल, काय असेल ते दुकानात दिवसभर सगळ्यांना मिळू द्या. तिकीट लावणार असाल तर ‘फक्त महिलांसाठी’ हे पैसे घेण्याआधी दिसलं पाहिजे, दारात नव्हे.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, तरी सांगतो. एखादी ट्रान्सजेंडर स्त्री आली आणि तुमच्या माणसानं तिला परत पाठवलं, तर तिथे हक्क नुसता कागदावर नाही. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्यातली भेदभावाची मनाई खासगी आस्थापनांनाही लागू आहे. दारावरच्या मुलींना आधीच नीट समजावून ठेवा, ऐनवेळी कुजबुज नको.

दुसरी विधवांची. ‘सर्व सुवासिनींना आग्रहाचे निमंत्रण’ असं छापण्याची आपल्याकडे इतकी सवय आहे की कुणाला खटकत नाही. गंमत बघा: पुरुषाला अडवलंत तर त्याच्यासाठी कलम १५ मध्ये ‘लिंग’ हा शब्द तयार आहे. विधवेला अडवलंत तर ‘वैवाहिक स्थिती’ असा शब्द त्या यादीत नाही. विधुराला कुणी असं वगळत नाही, म्हणजे हाही लिंगभेदच, असं मी म्हणेन, पण तो युक्तिवाद झाला, छापील शब्द नव्हे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांना तसं करायला सांगितलं. एका ग्रामपंचायतीला जे जमलं ते साडीच्या दुकानाला जड जाऊ नये. ‘सर्व महिलांना’ लिहा. छपाईचा खर्च तेवढाच.

खाली प्रतिसादात कुणीतरी विचारलंय, परदेशात काय? कॅलिफोर्नियात एखाद्या मराठी बाईनं हॉल घेऊन साड्यांचं प्रदर्शन लावलं आणि बायकांनाच स्वस्त दर ठेवला, तर ती तुमच्यापेक्षा जास्त अडचणीत येईल. तिथे १९५९ पासूनचा अनरू कायदा थेट धंद्यांना लागू आहे. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गाड्या धुणाऱ्या केंद्रांचा ‘लेडीज डे’ बेकायदेशीर ठरवला, तोही फक्त सवलतीचा मामला होता. एका उल्लंघनाला किमान चार हजार डॉलर! उलट ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या एका संग्रहालयानं केलेल्या बायकांच्याच दालनाला २०२४ च्या एप्रिलमध्ये न्यायाधिकरणानं मनाई केली आणि सप्टेंबरमध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला. बायकांना पूर्वापार जे नाकारलं गेलं त्याची भरपाई म्हणूनही असं दालन असू शकतं, असा त्याचा रोख. आपल्याकडे दुकानदारांसाठी असं स्पष्टपणे ना बंद केलंय, ना उघडलंय.

पबमधल्या ‘लेडीज नाइट’चं आणि ‘स्टॅग एंट्री नाही’ (म्हणजे बाईशिवाय आलेल्या पुरुषाला प्रवेश नाही) या पाटीचंही गणित हेच. ‘प्रवेशाचा हक्क राखीव’ असं लिहिलं म्हणून कलम १५ पुसलं जात नाही. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला त्याच्या वागण्यावरून बाहेर काढता येतं, आणि ते काढावंच.

त्या गिऱ्हाइकाला उत्तर पाठवा, वकिलाकडून नको, स्वतः. सोडत रद्द केली, सवलत सर्वांना आहे, दुपारचं हळदीकुंकू निमंत्रित महिलांचं आहे, इतकंच. माझ्या त्या पक्षकारांनी पुढच्या वर्षी दुकानाच्या दारावर असाच मजकूर लावला होता. मी तिळगूळ घ्यायला गेलो तर ते बासष्ट हजारवाले काका गादीवर बसून नातीसाठी परकर-पोलक्याचं कापड बघत होते, आणि रंगावरून विक्रेत्याशी हुज्जत घालत होते.