रेक्सला वाचवायचं कसं?

प्रश्न : 'मास इफेक्ट' या व्हिडिओ गेमच्या पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहाच्या किनाऱ्यावर आपला साथीदार, परग्रही क्रोगन जमातीचा रेक्स, बंदूक रोखतो आणि दरवेळी मरतो. माझं काय चुकतं? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : बोलण्याची तयारी कमी पडते. चार्म (गोड बोलून पटवणं) किंवा इंटिमिडेट (धाक दाखवणं) या कौशल्यांमध्ये आधीच निदान 8 गुण टाकून ठेवा. नसतील, तर जहाजावर रेक्सशी अधूनमधून बोलत राहा. घराण्याच्या चिलखताचा विषय निघेल. ते टुंटाऊ ग्रहावरून आणून दिलंत की गडी ऐकतो. तसा त्याचा राग रास्तच आहे. जेनोफेज या मुद्दाम पसरवलेल्या रोगामुळे क्रोगनांची हजारात एखादंच पोर जगतं, आणि त्यावरचा इलाज जिथे आहे तोच तळ आपण उडवायला निघालेलो असतो! संवादाआधी वेगळा सेव्ह करा, आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल नेम नाही.

खरा हिशेब 2012 च्या तिसऱ्या भागात होतो. दुसऱ्या भागात जेनोफेजवर इलाज शोधणाऱ्या मेलन या शास्त्रज्ञाची माहिती नष्ट केलीत, तर ज्या क्रोगन मादीवर इलाज अवलंबून असतो ती ईव्ह वाचत नाही. रेक्सही नसला की सूडाची भाषा करणारा त्याचा भाऊ रीव्ह क्रोगनांचा पुढारी होतो, आणि मग इलाज द्यावा की नाही हे खरंच टोचतं. रेक्स असताना मात्र खोटा इलाज देऊन फसवू नका, त्याला कळतंच.