जपानी लष्करी तलवारीच्या मुठीत दडलेल्या भागावरचा गंज घासून काढावा का?

नाही, अजिबात घासू नका. तो काळपट-तपकिरी थर तलवारीच्या वयाचा पुरावा असतो, जाणकार तोच आधी बघतात. घडवणाऱ्याची सही असली तर तीही तिथेच कोरलेली असते. सहीजवळ छोटा तारा ठोकलेला असेल तर ती लष्कराने नेमलेल्या लोहाराने पारंपरिक पद्धतीने घडवलेली. ‘शोवा’ (जपानी सम्राटाच्या कालखंडाचं नाव) किंवा ‘सेकी’ (तलवारींसाठी प्रसिद्ध जपानी शहर) असा शिक्का असेल तर बहुधा तशी नाही. मूठ धरून ठेवणारी बांबूची खुंटी हलकेच ठोकून काढा, मूठ उतरवा, तिरप्या उजेडात सही बघा, फोटो घ्या, बस्स. पात्यावर ताजा लाल गंज असेल तर मात्र पातळ तेलाचा हलका हात फिरवा. पॉलिश पेपर नकोच, धारेलगतची धुरकट रेघ पुसट होते. पात्यावरच अनुक्रमांक ठोकलेला असेल तर ती बहुधा १९३५ च्या नमुन्याची, हवालदार दर्जाच्या लोकांची कारखानी तलवार. तिची मूठ खोलू नका, आत सही नसते.