बाटलीतलं तेल आणि सातपुड्यातली सालई

मागच्या अंकात सर्दी-खोकल्याबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की फ्रँकिन्सेन्सचं, म्हणजे सालईच्या जातीच्या झाडांच्या सुगंधी डिंकातून काढलेलं तेल हुंगायचं असतं, प्यायचं नसतं. त्यावर एवढी पत्रं आली की या खेपेला दुसरा विषयच घेता आला नाही. चोपड्याच्या बाजारपेठेत औषधाच्या काउंटरमागे माझी उमर गेली. साखळी पद्धतीने माल विकणाऱ्यांनी ही इवलीशी बाटली तापीच्या दोन्ही काठांवर किती घरांत पोचवलीय, ते तुमच्या पत्रांवरून कळलं.

"गुडघा भलता दुखस वं माय! सुनेच्या मैत्रिणीने फ्रँकिन्सेन्सचं तेल दिलंय. रोज दोन थेंब जिभेखाली ठेवा म्हणते, विदेशात संशोधन झालंय म्हणे. माझं हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेलं आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. घेऊ का?" (अमळनेर)

नका घेऊ. आणि गोळी चालू असल्याचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण विकणारी हे विचारत नाही.

संशोधन झालंय हे खोटं नाही, आणि त्यासाठी विदेशातही जायला नको. आपल्या नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघेदुखीच्या ३० रुग्णांवर केलेली चाचणी २००३ साली छापून आली. रुग्णांचं दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकायला लागला, चालणं वाढलं. एक्स-रेमध्ये मात्र काही फरक दिसला नाही, म्हणजे झिजलेलं होतं ते झिजलेलंच राहिलं. पण त्या रुग्णांना दिला होता सालईच्या डिंकाचा अर्क, कॅप्सूलमधून. आयुर्वेदात जिला शल्लकी म्हणतात तीच ही सालई. सूज उतरवण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं ती बोस्वेलिक आम्लं डिंकात असतात. त्यांचे रेणू जड, वाफेबरोबर ते वर चढत नाहीत. तेल काढतात ते मात्र डिंकातून वाफ सोडून, आणि वाफेवर जेवढं उडतं तेवढंच बाटलीत उतरतं. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली की वास गल्लीभर जातो, गर जागेवरच राहतो. तसं आहे हे. तुमच्या बाटलीत वास आहे. नागपूरची चाचणी झाली ती गरावर.

मग शल्लकीच्या गोळ्या घ्याव्यात का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. इतर कुणाला मी म्हटलं असतं, डॉक्टरांना विचारा आणि दोन महिने घेऊन बघा. तुम्हाला तेही सांगणार नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर शल्लकी घेतल्यावर काही रुग्णांचं रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. तुम्ही ठरलेल्या दिवशी आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी करत असालच. तो आकडा अशा एखाद्या 'निसर्गाचीच तर वस्तू आहे' गोळीने हलू शकतो. हृदयाच्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय काहीही पोटात घेऊ नका.

बाटली पैसे देऊन घेतलीच आहे, तर वरून चोळायला वापरता येईल, पण डॉक्टरांच्या कानावर तेही घाला. चहाचे दोन चमचे, म्हणजे साधारण १० मिलि तिळाचं तेल घ्या, त्यात ४ थेंब टाका. हे झालं २ टक्के, मोठ्या माणसाला याहून जास्त लागत नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. लाली, खाज, पुरळ यातलं काही आलं तर चोळायचं नाही. वरून लगेच गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, कातडी पोळल्यासारखी होते. बरं वाटेल. त्यातलं बरंचसं सुनेच्या हाताचं असेल, आणि ते चांगलंच आहे.

"माझं बाळ दोन महिन्यांचं आहे. सासूबाई रोज आंघोळीनंतर शेगडीवर ओवा, धूप, ऊद टाकून धुरी देतात. धुराने बाळ खोकतं. त्याऐवजी डिफ्यूझरमध्ये (वास खोलीभर पसरवणाऱ्या यंत्रात) फ्रँकिन्सेन्सचं तेल टाकलं तर चालेल का? सासूबाईंना कसं सांगू?" (यावल)

दोन्ही नको, पण आधी शेगडीचं बोलू या, कारण खरा धोका तिथे आहे.

बंद खोलीत निखारे धुमसले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बाळंतिणीची खोली वारा लागू नये म्हणून आपण खिडक्या-दारं लावून घट्ट करून टाकतो, आणि आत शेगडी. धूप जळतो तेव्हा बारीक कणांचा धूर होतो तो वेगळाच. बाळाच्या श्वासनळ्या किती अरुंद असतात ते बाळ खोकून सांगतंच आहे. सासूबाईंच्या काळी घराला कौलं होती, धूर कौलांमधून निघून जायचा. आता वर स्लॅब आहे आणि खिडकीला सरकती काच. हे त्यांना याच शब्दांत सांगा. धुरी चूक होती असं म्हणू नका, घर बदललं म्हणा. धुरी ओट्यावर किंवा अंगणात देवासमोर करू द्या, बाळ आत असू द्या. त्यांचा मान राहील.

डिफ्यूझरही बाळाच्या खोलीत नको. मोठ्या माणसांच्या खोलीत वापरायचा तर १०० मिलि पाण्यात तीन-चार थेंब, अर्धा तास, खिडकी किलकिली ठेवून. घरात कुणाला दमा असेल तर तेवढंही नको. मांजर असेल तर तिला बाहेर जायला दार उघडं हवं, कारण असली तेलं पचवायची ताकद मांजरांच्या यकृतात फारशी नसते.

आणि बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधली असेल तर आजच काढा. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात. हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण यावलच्या बाजूला मी ती पुरचुंडी फार बघितलीय.

"आमच्या सातपुड्यात सालईची झाडं आहेत. तिचा डिंक म्हणजेच फ्रँकिन्सेन्स का? घरी कुकरमधून तेल काढता येईल का?" (शहादा, शिक्षक)

गुरुजी, तुमचं पत्र वाचून आनंद झाला. सालई आणि अरबी फ्रँकिन्सेन्सचं झाड एकाच कुळातले भाऊबंद. ओमानमधल्या धोफार भागात, येमेनमध्ये आणि सोमालियात होतं ते बोस्वेलिया सॅक्रा, आपली ती बोस्वेलिया सेराटा. ओमानने त्या झाडांची आणि जुन्या व्यापारी बंदरांची जागा जपली, २००० साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. आपली सालई उन्हाळ्यात पानं झाडून, कागदासारखे पापुद्रे सुटलेली साल मिरवत, अंजनाच्या झाडाशेजारी उतारावर उभी असते. उंच उतारांवर, खडकाळ जमिनीत, जिथे सागही कुरकुरतो तिथे ती येते. माझ्या मते तिच्याएवढं दुर्लक्षित झाड सातपुड्यात दुसरं नाही.

दोन्ही तेलांचा वास सारखा नसतो. अरबी-आफ्रिकी तेलात बहुतेक वेळा अल्फा-पायनिन हे वासाचं द्रव्य जास्त, सालईच्या तेलात अल्फा-थुजिन हे दुसरं. म्हणून बाटलीवर झाडाचं पूर्ण शास्त्रीय नाव, बॅच नंबर आणि तारीख हवी. नुसतं 'फ्रँकिन्सेन्स फ्रॅग्रन्स' लिहिलेलं असेल तर तो कृत्रिम वास समजावा. बाजारात लोबान म्हणून मिळतो तो पुष्कळदा ऊद असतो, म्हणजे वेगळ्याच झाडाची राळ. देवापुढे जाळायला काही बिघडत नाही. औषध म्हणून घेणाऱ्याने विचारून घ्यावा.

कुकरचा विचार सोडून द्या. डिंक उकळताना फेसाळतो, चिकटतो, शिट्टीचं भोक बुजलं तर कुकर फुटेल. झाडावर स्वतः कुऱ्हाडही चालवू नका. जाणकार माणूस बुंध्याची साल पातळ खरवडतो, ओघळलेला डिंक टोपलीत ठेवतो, महिनाभर त्यातला पातळ रस निथळू देतो, मग तुकडे करून प्रत लावतो. खोल घाव घातला की झाड कीड लागून वाळतं. डिंक हे गौण वनोपज आहे, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारी वस्तू. २००६ च्या वनहक्क कायद्याने ते गोळा करायचा आणि विकायचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला आहे. तुमच्या शाळेत पावरा-भिल्लांची पोरं असतील, त्यांच्या आजोबांना वर्गात बोलवा. माझ्यापेक्षा जास्त सांगतील.

"भावाला कॅन्सर आहे. एक जण म्हणतो, फ्रँकिन्सेन्सने गाठ विरघळते, इंजेक्शनं बंद करा." (धुळे)

त्या माणसाला दारात उभं करू नका.

प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर हे तेल ओतलं तर पेशी मरतात, हे खरं. माणसाचं शरीर म्हणजे ती बशी नव्हे. तो तुम्हाला २०११ सालचा जर्मनीतला एक अभ्यासही दाखवेल. मेंदूच्या गाठीसाठी किरणोपचार घेणारे ४४ रुग्ण त्यात होते आणि सालईच्या अर्काने मेंदूवरची सूज कमी झाली होती. सूज. गाठ बरी झाल्याचं त्यात कुठे नाही, आणि तिथेही दिला होता अर्क, तेल नव्हे. कॅन्सर, इबोला बरे होतात असे दावे केले म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली सुगंधी तेलं विकणाऱ्या कंपन्यांना ताकीद दिली होती. आपल्याकडे तर १९५४ पासून कायदाच आहे, कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं हा गुन्हा आहे.

भावाला वास आवडत असेल तर रुमालावर एक थेंब टाकून उशीजवळ ठेवा. केमोने मळमळत असेल तर तोही नकोसा वाटेल, त्याला विचारून ठेवा. उपचाराची एकही तारीख चुकवू नका.

"चेहऱ्यावरच्या डागांना लावू का? बाटली किती दिवस टिकते?" (भुसावळ)

डाग जातात याला भक्कम पुरावा नाही. हौस असेल तर एक चमचा बदामाच्या तेलात एकच थेंब, डोळ्यांपासून लांब. आंघोळीच्या बादलीत थेट थेंब टाकू नका, तेल पाण्यात मिसळत नाही, तरंगतं आणि तसंच कातडीला चिकटतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. बाटली खिडकीत राहिली तर तेल हवेने आणि उन्हाने बिघडतं, आणि बिघडलेलं तेल कातडीला जास्त चावतं. घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये, डब्यात ठेवा, उघडल्यावर वर्षभरात संपवा. गॅसजवळ तर नकोच, पेट घेतं.

"नातवाने बाटली तोंडाला लावली तर काय करायचं?" (चाळीसगाव)

ओकारी काढायची नाही. मीठ-पाणी पाजायचं नाही, घशात बोटं घालायची नाहीत. ओकताना हे तेल फुप्फुसात उतरलं तर पोटात गेल्यापेक्षा वाईट. तोंड पुसा आणि तडक दवाखाना, गाडी नसेल तर १०८ ला फोन. मूल खोकत असेल, सुस्तावलं असेल तर घरी थांबून वाट पाहू नका. डोळ्यात गेलं असेल तर आधी नळाखाली पंधरा मिनिटं डोळा धुवा, मग निघा. बाटली बरोबर घ्या, डॉक्टरांना त्यावरचं नाव वाचायला लागतं.