आधी सात सह्या, मग एजंट

प्रश्न : ताई, आमचं वडिलोपार्जित घर पेडणे तालुक्यात आहे. चिऱ्याचं बांधकाम, मंगळुरी कौलं, पुढे तुळस, मागे माडांचं भाट म्हणजे बागायत, आणि त्याच्या पलीकडे थोडी भातशेती. वडील २०१९ मध्ये गेले. आई माझ्याकडे फोंड्याला असते. भाऊ पुण्यात, वहिनी म्हापशाची. बहीण डिचोलीला दिली आहे. दोन वर्षं घराला कुलूप आहे. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आठवड्याला एका तरी एजंटाचा फोन येतो. एकजण म्हणतो, एक कोटी वीस लाखांचं गिऱ्हाईक आणतो, दोन टक्के द्या. आपण रेरा-रजिस्टर्ड, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या कायद्याखाली नोंदलेले आहोत, असंही सांगतो. शेजारी म्हणतात, दलालाच्या नादी लागू नका, आम्हीच कोणीतरी बघतो. आम्हा तिघा भावंडांचं विकायचं ठरलं आहे. एजंट नेमावा का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ‘आम्हा तिघा भावंडांचं ठरलं आहे’ इथपर्यंत वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. एकतीस वर्षं मी उपनिबंधक कार्यालयात नोकरी केली. हे वाक्य टेबलापलीकडून इतक्यांदा ऐकलं आहे की पुढचं मला पाठ आहे. तिघांचं ठरलेलं असतं, गिऱ्हाईक दिल्लीहून विमानाने आलेलं असतं, आणि वहिनी म्हणते, मला कुणी विचारलंच नाही.

भाऊ, आपण गोव्यात आहोत. १८६७ सालच्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली पद्धत अजून आपल्याला लागू आहे, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही असं मी धरते. मग घराचा अर्धा हिस्सा मुळातच आईचा आहे. तो तिला वडिलांकडून वारशाने आलेला नाही, तो आधीपासून तिचाच. उरलेल्या अर्ध्यात तुम्ही तिघं, म्हणजे प्रत्येकी एक षष्ठांश. आणि तुमच्या त्या एक षष्ठांशात तुमची पत्नी, भावाच्या हिश्शात वहिनी, बहिणीच्या हिश्शात तिचे यजमान. आई एक, भावंडं तीन, जोडीदार तीन. खरेदीखतावर सात सह्या लागतील. तुम्ही तीन मोजल्या. आईचं तर पत्रात ‘माझ्याकडे असते’ एवढंच आलं आहे, आणि सगळ्यात मोठी मालकीण तीच!

म्हणून एजंटाचं नंतर बघू. वडिलांच्या मागे वारस कोण हे ठरवणारा दस्त झाला आहे का? डीड ऑफ सक्सेशन. जुनी माणसं ‘हाबिलितासांव’ म्हणायची. वाटण्यांवरून वाद असेल तर मग कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मिळकतीची यादी करून वाटणी, आणि तिथे वेळ जातो. पाठोपाठ एक-चौदाचा, म्हणजे जमिनीवर कुणाचा कोणता हक्क आहे हे दाखवणारा सरकारी उतारा काढा. घरपट्टीची पावती दाखवून ‘घर आमच्या नावावर आहे’ म्हणणारे रोज भेटत; पंचायत घरपट्टी घेते, मालकी देत नाही. उताऱ्यावर कब्जेदाराच्या रकान्यात अजून आजोबांचं नाव तर नाही ना, कुळाच्या रकान्यात कुणी बसलेलं नाही ना, इतर हक्कांत कुणा मुंडकाराचं घर लागलेलं नाही ना, हे बघा. मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा; त्याला १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे. ‘ती म्हातारी काही बोलणार नाही’ या भरवशावर कुणी कोटी रुपये मोजत नाही. नगर नियोजन खात्याकडून झोनिंगचा दाखलाही घ्या. घर सेटलमेंट म्हणजे वस्तीच्या झोनमध्ये आणि मागचं भाट ऑर्चर्ड म्हणजे बागायतीच्या झोनमध्ये असं पुष्कळदा निघतं, आणि मग किमतीची बोली सगळी बदलते. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने बंधन घातलं आहे, तेव्हा त्या एक कोटी वीस लाखांत शेत धरलं आहे का, हे एजंटाला आत्ताच विचारा. बहुतेक धरलेलं असणार.

यातलं काहीही एजंट करून देत नाही. तो माणूस आणतो. कागद वकिलाकडे, सह्या तुमच्याकडे. कागद तयार नसताना आणलेलं गिऱ्हाईक दोन महिने वाट बघतं आणि शिवोलीत दुसरं घर घेऊन मोकळं होतं.

आता एजंट. मी त्यांच्या विरोधात नाही, आणि का नाही ते माझ्याच माहेराच्या घरावरून सांगते. बार्देशातलं ते घर आम्ही बहिणींनी २०१४ साली विकायला काढलं. मी खात्यातली, मला सगळं कळतं अशी माझी घमेंड. पहिले तीन महिने एजंट नाही. रविवारी बघायला लोक यायचे, आणि आई प्रत्येकाला मायेने चहा देऊन सांगायची, ‘बाकी सगळं छान आहे हो, पण पावसात पडवी गळते.’ मोठी बहीण राजांगणात उभी राहून रडायची. मी किंमत सांगायची आणि समोरच्याने कौलांना नावं ठेवली की मला राग यायचा. स्वतःचं घर स्वतः दाखवणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. चाव्या घेऊन चाळीस वेळा जाणं, चाळीसांपैकी अडतीस नुसते हवा खायला आलेत हे ओळखणं, आणि ‘तुमची कौलं फुटकी आहेत’ हे हसून ऐकून घेणं, हे काम आहे आणि त्याचे पैसे मागणं गैर नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. एक नव्हे, चार एजंटांना सांगितलं. म्हटलं, चौघे धावतील. चौघांनी एकाच घराच्या चार किमती लावल्या. एकाने जाहिरातीत ‘समुद्रदर्शन’ असं घातलं; आमच्या घरातून समुद्र फक्त माडावर चढलेल्या पाडेल्याला दिसत असावा. मुंबईच्या एका बाईंनी मला फोन करून विचारलं, यातली खरी किंमत कुठली? शेवटी घर घेतलं कुणी, तर पलीकडच्या वाड्यावरच्या एका शिक्षकाने, आमच्या भाजीवालीच्या ओळखीने. आणि खरेदीखताच्या आदल्या दिवशी चौघांपैकी एकजण दारात हजर : याला पहिल्यांदा मीच गेटपाशी आणलं होतं, माझे दोन टक्के? लिहून काहीच नव्हतं, माझ्याकडेही आणि त्याच्याकडेही. निम्मे देऊन मिटवलं. रजिस्ट्रीत आयुष्य काढलेल्या बाईने तोंडी व्यवहार केला, हे घरात अजून चहाबरोबर निघतं.

तेव्हा तुमच्यापुरतं माझं मत असं. घेणारा गावातला किंवा नात्यातला असणार असेल तर एजंट नको. शेजाऱ्यांना एक महिना द्या आणि खरंच कुणी आणतात का बघा. पण पेडण्यातल्या जुन्या चिऱ्याच्या घराला भाटासकट कोटीच्या वर देणारा माणूस बहुतेक गोव्याबाहेरचा असणार. त्याला तुमची भाजीवाली ठाऊक नाही, तो एजंटाकडूनच येणार. तुम्ही फोंड्यात, भाऊ पुण्यात, पेडण्याला दर रविवारी चाव्या घेऊन जाणार कोण? एजंट नेमा. एकच नेमा, आणि लिहून नेमा.

लिहिताना कंजुषी करू नका. मुदत नव्वद दिवस. कुणाकुणाला घर दाखवलं त्याची यादी त्याने दर पंधरवड्याला तुम्हाला द्यायची. मुदत संपल्यावर फक्त त्या यादीतल्या माणसाने घेतलं तरच त्याचा हक्क. कमिशन खरेदीखताच्या नोंदणीच्या दिवशी द्यायचं, टोकनच्या दिवशी नाही. टोकन त्याने आपल्या नावावर घ्यायचं नाही. घरातल्या माणसाला तुम्ही स्वतः विकलंत तर काय, तेही आत्ताच लिहा, नाहीतर माझ्यासारखं दारात उत्तर द्यावं लागेल.

आणि दोन टक्के म्हणजे किती ते करून बघा. एक कोटी वीस लाखांचे २,४०,०००. तो जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्के, म्हणजे ४३,२००. एकूण २,८३,२००. जीएसटी धरून की वेगळा, हे न विचारता लोक ‘दोन टक्के’ ऐकून मान डोलावतात. त्याला हेही विचारा की घेणाऱ्याकडूनही दोन टक्के घेणार का. गोव्यात सर्रास घेतात. मला त्यात पाप वाटत नाही, पण दोन्हीकडून खाणाऱ्याने ‘साहेब, यापेक्षा जास्त येणार नाही’ म्हटलं तर ते कुणाच्या वतीने म्हटलं, याचा विचार करायला एक रात्र घ्या. कमिशनचं बिल घ्या, पैसे बँकेतून द्या; भांडवली नफा काढताना हा खर्च वजा होतो. वडिलोपार्जित घर आहे, म्हणजे १ एप्रिल २००१ ची बाजार किंमत मूळ धरता येते, तिचा दाखला नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून घ्या. आपल्या सामाईक पद्धतीमुळे तुमच्या हिश्शाचा नफा नवरा-बायकोत निम्मा-निम्मा धरला जातो. गोव्याबाहेरच्या सीएला हे आठवण करून द्यावं लागतं, भावाच्या पुण्यातल्या सीएला नक्कीच.

‘थोडे रोख घ्या’ असं कुणी सुचवलं तर विषय तिथेच थांबवा. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, दंड घेणाऱ्याला होतो.

राहिली रेरा. २०१६ च्या त्या कायद्यात एजंटाची नोंदणी आहे ती बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पांतली विक्री करण्यासाठी. तुमचं आजोबांचं घर हा प्रकल्प नव्हे. नोंदणी आहे म्हणजे माणूस पत्ता देऊन धंदा करतो, एवढंच समजा. त्याने पेडण्यात मागच्या वर्षी विकलेली दोन घरं विचारा आणि त्या विकणाऱ्यांशी बोला.

एक गोष्ट पत्रात नाही, ती मीच विचारते. तुमचा गणपती त्याच घरात बसतो ना? मग विकल्यावर तो कुणाकडे जाणार? माझ्या पाहण्यात दोन व्यवहार यावरून मोडले, दोन्ही वेळा कागद स्वच्छ होते. चतुर्थीला सगळे येतीलच. माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधून झाली की सातही जणांना एकत्र बसवा, आईला मध्ये, आणि आधी तिला विचारा. भावाला आणि वहिनीला पुन्हा यायला जमणार नसेल तर दोघांचीही मुखत्यारपत्रं लागतील. त्याच्या एकट्याच्या कागदात ती येत नाही.

प्रश्न : फोंड्यात दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, तो विकायचा आहे. सोसायटीचे कागद पूर्ण आहेत, कर्ज फिटलं आहे. एजंटाची गरज आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. खालच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावा, सोसायटीच्या ग्रुपवर टाका, शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांना सांगा. तुमच्याच इमारतीत भाड्याने राहणारं एखादं कुटुंब घ्यायला तयार असतं, त्यांना पाण्याच्या वेळाही सांगाव्या लागत नाहीत. दोन महिन्यांत फोन आला नाही तर किंमत दहा टक्के चढी असेल. ती एजंट नेमूनही चढीच राहील. बँकेने परत केलेले मूळ कागद आणि बोजा उतरल्याचं पत्र मात्र हाताशी ठेवा.

प्रश्न : एजंट म्हणतो, गिऱ्हाइकाला विश्वास वाटावा म्हणून घराचे मूळ कागद माझ्याकडे ठेवा. द्यावेत का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : झेरॉक्स द्या, आणि प्रत्येक पानावर ‘फक्त पाहण्यासाठी’ असं लिहून तारीख घाला. मूळ कागद बघायचे असतील तर गिऱ्हाइकाच्या वकिलाने तुमच्या वकिलाकडे येऊन बघावेत. दिले असतील तर आजच संध्याकाळी जाऊन परत आणा, फोन करून नाही.