शिक्षक संघटनेत शेवटचा शब्द कुणाचा?

तुम्ही शहादा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत आहात, दरवर्षी वर्गणी भरता, पण पदाधिकारी कोण निवडतं आणि ठराव कुठे होतात हे कळत नाही, असं तुम्ही विचारलंय.

सुरुवात नोंदणीपासून करा. शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवलं आहे. अनेक शिक्षक संघटना कामगार संघटना म्हणून नव्हे, तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवलेल्या असतात. वर्गणीच्या पावतीवर सहसा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तो पाहा. संघटनेच्या घटनेची, म्हणजे नियमावलीची, प्रत सरचिटणीसांकडे लेखी मागा. नाही मिळाली तर त्याच क्रमांकावर धर्मादाय कार्यालयात (अशा संस्थांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) नकलेचा अर्ज करता येतो.

उतरंड साधारण अशी: केंद्र (आसपासच्या शाळांचा गट), तालुका, जिल्हा, राज्य. खालचा थर वरच्या थरावर प्रतिनिधी पाठवतो. इथे घटनेत एकच कलम शोधा: प्रतिनिधी सभासदसंख्येवर ठरतात की तालुक्याला सरसकट सारखे? तुमच्या नंदुरबार जिल्ह्यात सहा तालुके आहेत. सरसकट सारखे दिले तर मोठ्या तालुक्यातल्या सभासदाच्या मताचं वजन घटतं. फक्त संख्येवर दिले तर धडगाव, अक्कलकुव्याचा आवाज बुडतो. माझ्या मते २५ सभासदांमागे एक प्रतिनिधी आणि प्रत्येक तालुक्याला किमान तीन, असं काहीतरी न्याय्य ठरेल.

पण खरी सत्ता सभासद यादी ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे असते. बहुतेक भांडणं तिथेच सुरू होतात. बदल्या झाल्या की चोपड्याहून धरणगावला गेलेल्या गुरुजींचं नाव दोन्ही यादींत राहतं, निवृत्तांचं निघत नाही, आणि मतदानाच्या आदल्या आठवड्यात पावतीपुस्तकं भराभर फाटतात. यावर उपाय आहे. प्रत्येक नावापुढे शालार्थ आयडी (सरकारी वेतनप्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक), शाळा आणि पावती क्रमांक लिहायचा. यादी गोठवण्याची तारीख मतदानाच्या निदान महिनाभर आधीची ठेवायची. कच्ची यादी केंद्रावर लावून आठ दिवस हरकती घ्यायच्या. निवडणूक अधिकारी उमेदवार नसलेला, शक्यतो निवृत्त शिक्षक असावा.

मतदान गुप्त हवं. हात वर करून घेतलं की कोण कुणाच्या विरोधात गेलं ते सगळ्यांना दिसतं, आणि उद्या बदलीचा अर्ज घेऊन त्याच पदाधिकाऱ्याकडे जायचं असतं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सभा ठेवतात, पण दूर सातपुड्यातल्या मोलगीकडच्या माणसाने तिथून नंदुरबार गाठायचं केव्हा? मतपेटी तालुक्यालाच ठेवावी.

सभेची नोटीस विषयपत्रिकेसह घटनेत दिलेल्या मुदतीत निघाली पाहिजे. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरावर नजर ठेवा. वर्गणीवाढ, संप, निधी असे ठराव तिथून गुपचूप निघतात. आर्थिक विषय आयत्या वेळी घेता येणार नाही, ही दुरुस्ती घटनेत घालून घ्या. इतिवृत्तात सूचक, अनुमोदक आणि बाजूची-विरोधाची मतं आकड्यांत यायला हवीत. नुसतं ‘सर्वानुमते’ लिहिलेलं असेल तर तिथल्या तिथे हरकत नोंदवा. संस्थेचे उद्देश बदलायचे असतील तर साधं बहुमत पुरत नाही: विशेष सभेत तीन-पंचमांश मतं लागतात, आणि महिन्यानंतरच्या दुसऱ्या सभेत पुन्हा तितकीच.

निवडणुकीनंतरचं काम मात्र हमखास राहून जातं. नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो राहिला, किंवा दोन गटांनी वेगवेगळे अर्ज दिले, तर सरकारी दप्तरात जुनीच नावं राहतात. मग बँक सह्या बदलून देत नाही आणि निवडून आलेल्या कोषाध्यक्षांना खात्यातला रुपयाही काढता येत नाही.